शंभराच्या स्टॅम्पपेपरवरचा घटस्फोट

परस्पर संमतीने वेगळी होणारी जोडपी फसवायला सगळ्यात सोपी. भांडणारे दोघं निदान दोन वकील तरी करतात, आणि ते वकील एकमेकांचे कागद डोळ्यात तेल घालून वाचतात. आमच्यात भांडण उरलंच नव्हतं. २०२१पासून मी माहेरी, पुण्यात धनकवडीला, नवरा हडपसरला. मूलबाळ नाही. आई शेजारीपाजारी सांगायची, "तिला इथून ऑफिस जवळ पडतं." दोन्ही घरांना एकच हवं होतं, बभ्रा न होता सगळं उरकावं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तर लहानपणापासून ऐकलेलं. आम्हाला ज्या दलालाने फसवलं त्याचा सगळा धंदा या एका म्हणीवर चालतो.

तो शिवाजीनगरला एका झेरॉक्सच्या दुकानात बसायचा. नवऱ्याच्या आतेभावाने त्याचं नाव सुचवलं. पांढरा शर्ट, काळी पँट, काखेत फायलींचा गठ्ठा. मी वकील आहे असं तो एकदाही म्हणाला नाही. "वकीलसाहेबांचं सगळं मीच बघतो," एवढंच. मला म्हणाला, "ताई, लेडीज माणसाने कशाला त्या गर्दीत उभं राहायचं? महिन्याभरात कागद घरपोच."

त्याचं बोलणं पूर्ण खोटं असतं तर तिथेच कळलं असतं. पण त्याला कायदा अर्धा येत होता. हिंदू विवाह कायद्याच्या १३ब कलमाखाली संमतीच्या घटस्फोटासाठी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग दोघांनी मिळून अर्ज, मग सहा महिने थांबून पुन्हा कोर्टापुढे यायचं, हे त्याने बरोबर सांगितलं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सहा महिने माफ होऊ शकतात असं म्हटलं, हेही खरं. त्यापुढे त्याने जोडलं, "ती माफी आणायचे वीस हजार वेगळे." खरी गोष्ट अशी की माफीचा अर्ज त्याच कोर्टात, त्याच न्यायाधीशांपुढे करायचा असतो. बराच काळ वेगळे राहिलात का, समेटाचे प्रयत्न झाले का, पोटगी-मुलांचा प्रश्न मिटला का, एवढं ते बघतात. ती बाहेरून आणून द्यायची वस्तूच नाही.

"तुमच्यात फारकत चालते ना?" हाही त्याचा प्रश्न. हा प्रश्न फार हुशारीचा आहे. काही समाजांमध्ये काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि कायद्याच्या २९व्या कलमाने ती राखलेलीही आहे. मात्र उद्या कुणी हरकत घेतली तर ती रूढी कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. आमच्यात तसलं काही नाही. आजीने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्यात नांदायला जातात नाहीतर परत येतात, फारकत कुणाची झालेली ऐकली नाही."

सह्या एप्रिल २०२३मध्ये झाल्या. शंभराचा स्टॅम्पपेपर, वर 'घटस्फोटनामा' असं ठळक टाइप केलेलं, दोघांचे पासपोर्ट साइझ फोटो डिंकाने चिकटवलेले. टेबल रिकामं नव्हतं म्हणून कागद झेरॉक्स मशीनच्या झाकणावर ठेवला. झाकण गरम होतं, डिंक वाळत नव्हता, माझा फोटो सारखा सरकत होता आणि नवरा तो बोटाने दाबून धरत होता. नोटरीचा गोल शिक्का बसला, तांबडं सील लागलं. बाहेर येऊन आम्ही दोघांनी उसाचा रस घेतला. पैसे त्याने दिले. बऱ्याच दिवसांनी आम्ही एकमेकांशी नीट बोललो असू.

त्या कागदात एक ओळ होती: 'माझे सर्व स्त्रीधन मला मिळाले असून पोटगीबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.' माझे दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये होते. मी तसं बोलले. हे दलालसाहेब म्हणाले, "तो नेहमीचा मसुदा आहे ताई, सगळ्यांचा असाच असतो. मागाहून देतील की."

मे महिन्याअखेर 'हुकूमनामा', म्हणजे कोर्टाच्या निकालाचा कागद, घरी आला. सिंहाची राजमुद्रा, अर्ज क्रमांक, खाली 'सही/-'. एकूण पंचेचाळीस हजार गेले: पंधरा सुरुवातीला, वीस माफीचे, दहा 'नकलेचे'. शेवटचे दहा तेवढे फोनवरून भरलेले, बाकी रोख, पावती कशाचीच नाही.

पुढच्या वर्षी माझ्यासाठी एक स्थळ आलं. मुलाचे काका कोर्टातून निवृत्त झालेले बेलिफ, म्हणजे समन्स बजावणारे. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, निकालाची तारीख वाचली, मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. "बाळ, चौदा मे दोन हजार तेवीसला रविवार होता. वर कोर्टाला उन्हाळी सुट्टी." मग त्यांनी विचारलं, "सीएनआर कुठंय?" प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा हा क्रमांक मिळतो आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो टाकला की तारखा आणि निकाल दिसतात. आमच्या कागदावर तो नव्हताच. कौटुंबिक न्यायालयाच्या नक्कल विभागात विचारलं, तर तो अर्ज क्रमांक भलत्याच जोडप्याचा निघाला.

म्हणजे कायद्याने मी लग्नाचीच होते. तसंच दुसरं लग्न केलं असतं तर ते मुळातच रद्दबातल ठरलं असतं, आणि पहिलं लग्न कायम असताना दुसरं करणं हा सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं ४९४ कलम होतं, जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं ८२. नोटरीला घटस्फोट द्यायचा अधिकारच नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्रीय विधी खात्याने नोटरींना लेखी बजावलं की असले विवाह-घटस्फोटाचे दस्त करू नका. त्याआधीही तो अधिकार कधी नव्हता.

गंमत बघा, घटस्फोट म्हणून ज्या कागदाला शून्य किंमत, तोच कागद माझ्याविरुद्ध मात्र कामाला आला. खरा अर्ज करायची वेळ आली तेव्हा सासरच्यांनी तो पुढे केला: "बाईंनी स्त्रीधन मिळाल्याचं सही करून दिलंय." पोटगीचा हक्क असा खाजगी कागदावर सोडून देता येत नाही, पण दागिन्यांची पोच निस्तरणं जड जाईल, असं माझ्या वकीलबाई म्हणाल्या. शेवटी तडजोडीत पाटल्या परत आल्या. मोहनमाळ गेली.

या वकीलबाई मला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्या, फुकट. स्त्रियांना ही मदत उत्पन्न न बघता मिळते. १५१०० या हेल्पलाइनवरही चौकशी करता येते. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यांत बाईला कोर्ट फीसुद्धा नाही, १९९४पासून. त्यांनी पहिल्याच भेटीत वकीलपत्रावर माझी सही घेतली आणि स्वतःचा सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या नोंदणीचा क्रमांक, दाखवला. साहेबांनी यातलं काहीच केलं नव्हतं.

आणि ती पायरी? समुपदेशकांच्या खोलीत दोन लाकडी खुर्च्या आणि एक पंखा. समुपदेशक बाईंनी आम्हाला आधी वेगवेगळं, मग एकत्र विचारलं. न्यायाधीशांनी विचारलं, "कुणाचा दबाव नाही ना?" निकाल होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हेही समजावून सांगितलं. ओळखीचं कुणी भेटलं नाही. भेटलं असतं तर तेही तिथे आपल्याच कामासाठी आले असते. आमचे सहा महिने माफ झाले, त्याचा वेगळा एक पैसा लागला नाही. हाती आली ती नक्कल कोर्टाच्या शिक्क्याची, अर्ज कधी केला आणि नक्कल कधी मिळाली या तारखांसकट.

फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची तक्रार मी दिली आहे. साहेबांचा फोन बंद, दुकानदार म्हणतो, "तो नुसता भाड्याने टेबल घ्यायचा." फोनवरून भरलेले दहा हजार ज्या खात्यात गेले तेवढाच धागा पोलिसांकडे आहे. हवालदार म्हणाले, "याच माणसाचं सांगायला आणखी तिघं येऊन गेले. पण लेखी द्या म्हटलं की घरी विचारून येतो म्हणतात आणि येत नाहीत." तुमच्याकडे असा कागद असेल तर आधी नक्कल विभागात त्यावरचा क्रमांक तपासा, आणि तो खोटा निघाला तर कृपा करून लेखी द्या.