पद्मिनीची काच गळतेय: सीलंट की नवं बीडिंग?

रंगकाम उरकून बसवलेली पुढची काच पहिल्याच पावसात गळली, आता काय करू, असं मित्र विचारतोय. प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीची काच चिकटवलेली नसते, रबरी बीडिंगमध्ये, म्हणजे काचेभोवतीच्या रबरी पट्टीत बसते. बीडिंगखाली न सुकणारं सीलंट (फट बुजवणारा चिकट लगदा) भरणं स्वस्त. काच काढावी लागत नाही. पण रबर कडक झालं असेल तर पाणी दुसरी वाट शोधतं आणि आतला पत्रा गुपचूप गंजतो. लक्षात येईपर्यंत नवा रंग फुगलेला असतो! नवं बीडिंग महाग, शिवाय काच उतरवून दोरीने रबराची कड ओढत पुन्हा बसवायची, दोघं हवेतच. लॅमिनेटेड (थर चिकटवून केलेली) काच कडेला ठोकली की तडकते. मात्र चौकटीचा गंज काच उतरवल्यावरच दिसतो. रबर मऊ आणि गळती एकाच कोपऱ्यात असेल तर सीलंट पुरे. रबराला भेगा असतील किंवा गाडी उघड्यावर राहणार असेल, तर बीडिंगच.