सुपरचार्जर लावून चौदा महिने: इंजिन वाढवावं की गाडीच बदलावी?

गाडी टोयोटा जीटी86, 2013 ची, मॅन्युअल. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून त्यात जास्तीची हवा कोंबणारा पंप, बसवून चौदा महिने आणि अकरा हजार किलोमीटर झालेत, त्यात पाच ट्रॅक डे (शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायचे दिवस). मी काम सुरू केलं त्याच सुमारास माझ्या मावसभावाने त्याची अशीच गाडी विकून पुढच्या पिढीची जीआर86 घेतली. दोघांची तक्रार एकच होती, इलाज वेगळे निघाले. अधूनमधून आम्ही चाव्या बदलतो, त्यामुळे हा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. माझ्या बाजूचा जरा जास्त, कारण खिसा माझा रिकामा झालाय.

आधी तक्रार काय होती ते सांगतो. मूळ इंजिन 2 लिटरचं बॉक्सर (सिलिंडर समोरासमोर आडवे), 200 पीएस ताकद आणि 205 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. साधारण 1,240 किलोच्या गाडीला हे कमी नाही. पण ते 205 मिळतात साडेसहा हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास, आणि साडेतीन ते साडेचार हजारांच्या दरम्यान टॉर्कच्या आलेखात सरळ खड्डा आहे. वळणातून बाहेर पडताना तिसऱ्या गिअरात पाय दाबला की गाडी आधी हो म्हणते, मग विचारात पडते, आणि पाच हजारांच्या पुढे पुन्हा जागी होते. ही गाडी चालवलेल्या कोणालाही हा क्षण सांगावा लागत नाही. मी मात्र सात वर्षं त्याला 'ताकद कमी आहे' असंच म्हणत राहिलो. माझा बराचसा खर्च या एका चुकीच्या शब्दाचा आहे.

दुसरं इंजिनच टाकावं, असाही विचार केला होता. होंडाचं के24 लोक या गाडीत बसवतात. पण इंजिन बसवणं हा त्यातला सोपा भाग. माउंट, वायरिंग, मीटर, एसी, सगळ्यांना नव्या पाहुण्याशी बोलायला शिकवावं लागतं, आणि ती शिकवणी महिनोन्महिने चालते. मला गाडी रोज लागते. तो नाद सोडला.

मग सुपरचार्जर. त्यात मी सेंट्रिफ्यूगल जातीचा घेतला, कारण बसवायला सोपा, हवा फार तापवत नाही आणि डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर आकडा दणदणीत येतो. चाकांवर, म्हणजे इंजिनापासून चाकांपर्यंत वाटेत हरवणारी ताकद वजा करून, आधी 168 पीएस होते, नंतर 241. पहिले तीन आठवडे मी शहाण्या माणसासारखा वागलो नाही. सहा हजारांच्या पुढे ही वेगळीच गाडी होती.

चौथ्या आठवड्यात सकाळी कामावर जाताना एका ट्रकला ओलांडायचं होतं. तिसरा गिअर, 3,800 आरपीएम, पाय खाली. आणि तोच जुना खड्डा! थोडा उथळ झालेला, पण जागच्या जागी. सेंट्रिफ्यूगलचा पंखा बेल्टवर, म्हणजे इंजिनाच्या वेगाच्या प्रमाणात फिरतो, आणि त्याचा दाब साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो. सात हजारांना जेवढा दाब, त्याचा जेमतेम चौथा हिस्सा साडेतीन हजारांना. गाडी जिथे मुळातच धावत होती तिथे मी तिला आणखी पळवलं आणि जिथे ती अडखळत होती तिथे फुंकर घातली. आजार म्हशीला, औषध पखालीला. स्क्रू जातीचा सुपरचार्जर घेतला असता तर कमी आरपीएमपासूनच दाब मिळाला असता. ही माहिती मला आधीही होती, फक्त मी आकड्याकडे बघत होतो.

पाचव्या महिन्यात हेडर, म्हणजे एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड बदलला आणि नव्याने ट्यून करून घेतलं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं इंधन आणि ठिणगीचं गणित जुळवून घेतलं. खड्डा जवळपास भरला. हेच काम आधी केलं असतं तर मी कदाचित तिथेच थांबलो असतो. या गाडीला मोठी सुधारणा हवी असेल त्याने पहिला पैसा हेडर आणि ट्यूनवर घालावा, तीन महिने चालवावी आणि मगच सुपरचार्जरचा विषय काढावा. एक सावधगिरी: मूळ मॅनिफोल्डमध्येच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग, थोडक्यात कॅट) असतो. बिनकॅटचा हेडर लावलात तर प्रदूषणाच्या तपासणीत अडकाल, आणि वास येतो तो वेगळाच. मी कॅट असलेला घेतला. दोन-चार पीएस गेले असतील, जाऊ देत.

आता किटच्या जाहिरातीत न दिसणाऱ्या गोष्टी. या इंजिनाचं कॉम्प्रेशन 12.5 ला 1 आहे, टर्बोशिवाय चालण्यासाठी बेतलेलं. त्यावर बाहेरून हवा कोंबायची म्हणजे नॉकिंगच्या (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकण्याच्या) कडेवरून चालणं. माझ्या पहिल्या ट्यूनरने थंड हवेच्या दिवशी डायनोवर सुंदर आकडे काढून दिले. उन्हाळा आला तशी गाडी मऊ वाटायला लागली. इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या नोंदी काढल्या तर नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावरून ठिणगीची वेळ मागे खेचली जात होती. त्या गॅरेजचं उत्तर होतं, "सेफ्टी आहे सर, चांगलंच आहे ना." दुसऱ्या माणसाने तीच ट्यून थोडी मवाळ केली. आकडा अकराने उतरला आणि उन्हाळ्यातली गाडी सुधारली. तेव्हापासून मी नेहमी जास्त ऑक्टेनचंच पेट्रोल भरतो. या इंजिनाला ते मुळातच सांगितलेलं आहे, आता त्यात हयगय करायची सोय उरलेली नाही.

सातव्या महिन्यात चौथ्या गिअरात क्लच सरकायला लागला. इंजिनाचा आवाज चढतोय, वेग तिथेच. क्लचची यात चूक नाही, त्याच्याकडून जे करून घ्यायचं ठरलं होतं त्यापेक्षा जास्त मी मागत होतो. नवा दणकट क्लच टाकला. आता गर्दीत डावा पाय संध्याकाळपर्यंत हिशेब मागतो. ट्रॅकवर तेलाचं तापमान 130 अंशांच्या दिशेने जायला लागलं म्हणून ऑइल कूलर. वेग वाढला म्हणून ब्रेकचे पॅड आणि फ्लुइड. मग एक पायरी 'थंड', म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, स्पार्क प्लग, आणि बॉक्सर इंजिनात प्लग बदलणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. सिलिंडर आडवे, प्लग चॅसीच्या भिंतीकडे तोंड करून बसलेले. मनगटावरचा ओरखडा अजून आहे. एकूण बेरीज केली तेव्हा नाकापेक्षा मोती जड झाला होता.

भावाची गाडी. इंजिन 2.4 लिटरचं, 235 पीएस, म्हणजे कागदावर माझ्यापेक्षा बरंच कमी (माझा आकडा चाकांवरचा, हा इंजिनावरचा). पण तिचे 250 न्यूटन-मीटर 3,700 आरपीएमला मिळतात. हिशेब करून बघा: टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले 7,023 केलं की पीएस येतात. तिथे तिचे साधारण 132 पीएस होतात. माझ्या मूळ इंजिनाला त्याच आरपीएमला पूर्ण 205 धरले तरी 108 च येतात, आणि तिथे तर खड्डा. रोजच्या चालवण्यात पाय सात हजारांवर किती वेळा जातो? माझा तरी आठवड्यातून दोनदा. 3,700 वर दिवसातून पन्नासदा जातो.

पहिल्यांदा त्याची गाडी पंधरा दिवस वापरली तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं. काही करावंच लागत नाही. चावी, क्लच, निघा. क्लच हलका, तेलाची काळजी नाही, वॉरंटी शाबूत. 1,270 किलोच्या आसपास वजन, म्हणजे माझ्या सुपरचार्जर, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), ऑइल कूलर लटकवलेल्या गाडीपेक्षा फार जड नाही. सरळ रस्त्यावर साडेपाच हजारांच्या पुढे मी त्याला मागे टाकतो. बाकी सगळीकडे तो माझ्यापुढे, आणि तोही फार कष्ट न घेता.

मग तो माझी गाडी परत करायला आला आणि म्हणाला, "दादा, मस्त पळते. पण तू गाणी का लावत नाहीस रे? स्पीकर बिघडलेत का?"

स्पीकर ठीक आहेत. मी इंजिन ऐकत असतो. बेल्टची किर्र, चढावरची बारीक टकटक, क्लचचा वास आला का. चौदा महिन्यांत मी या गाडीत एकदाही अख्खं गाणं ऐकलेलं नाही. मूळ इंजिनाचे कनेक्टिंग रॉड जास्त टॉर्क फार काळ सोसत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, आणि डोक्याच्या एका कोपऱ्यात ते रॉड कायम मोजले जात असतात.

पण मला हे आवडत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. या गाडीतला प्रत्येक आवाज मी ओळखतो. कुठला बोल्ट किती घट्ट केलाय ते मला ठाऊक आहे. भावाला त्याच्या गाडीचं बॉनेट उघडायची वेळ वर्षात दोनदा आली, दोन्ही वेळा काच धुण्याचं पाणी भरायला. ज्याला तेवढंच हवं त्याने बदलून घ्यावी, बिनधास्त. विकताना गाडी मूळ रूपात असेल तर भाव चांगला येतो. माझ्यासारखी केलेली गाडी बघायला गर्दी होते, घ्यायला कोणी थांबत नाही. म्हणून जुना मॅनिफोल्ड, एअरबॉक्स, इंजेक्टर मी खोक्यांत जपून ठेवलेत. बायको ती खोकी कुठे ठेवायची हे दर महिन्याला विचारते. आणि विम्याच्या कंपनीला हे सगळं लिहून कळवा. हप्ता वाढतो, पण लपवलेला सुपरचार्जर अपघातानंतर फार महाग पडतो.

पुन्हा करायचं झालं तर? हेडर आणि ट्यून, शंभर टक्के. सुपरचार्जर ट्रॅक डे असतो त्या रविवारी करेन म्हणतो, सोमवारी सकाळी नाही म्हणतो.

किटसोबत एक लहान पुलीही आली होती. ती लावली की पंखा आणखी जोरात फिरतो, दाब वाढतो. पिशवी ड्रॉवरमध्ये आहे. अजून फोडलेली नाही.