विजांचे थर आणि जांभळा डाग: गिम्पवर काढलेला एक मोसम

लॅबवाल्याशी माझी वादावादी झाली नसती तर हे लिहायला बसलो नसतो. सोलापूरच्या कंबर तलावावरच्या विजांचा १२ बाय १८चा प्रिंट घरी आणला, ट्यूबलाइटखाली धरला, तर ढगाच्या पोटात जांभळा डाग. मुका मार लागल्यावर कातडी काळीनिळी पडते, अगदी तसा. पैसे मोजून घेतलेला प्रिंट, त्यामुळे डोकं फिरलं आणि तसाच परत गेलो. लॅबवाल्याने फाईल त्याच्या स्क्रीनवर उघडली आणि म्हणाला, "मालक, फाईलमध्येच जांभळं हाय. मशीनला कशाला बोलताय?" त्याचं खरं होतं. माझ्या जुन्या मॉनिटरवर तो भाग नुसता करडा दिसत होता. मी तिथेच माफी मागितली आणि पुढच्या चार रात्री त्या डागामागे लागलो.

तर हा अनुभव गिम्पचा, म्हणजे फुकट मिळणाऱ्या फोटो-एडिटिंग प्रोग्रामचा, मे ते ऑक्टोबर, विजांचे अनेक फोटो एकावर एक रचून एक चित्र करण्याच्या कामापुरता. महिन्याचं भाडं घेणारा प्रोग्राम मी घेतला नाही. आपल्याकडे विजा चमकणार वळवात आणि परतीच्या पावसात, मिळून फार तर पंधरा-वीस रात्री. त्यासाठी बारा महिने पैसे भरत राहणं मला पटत नाही.

ट्रायपॉड, १५-२० सेकंदांचं एक्स्पोजर (शटर तेवढा वेळ उघडं), एफ ८ (लेन्सचं भोक), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता), फोकस हाताने अनंतावर, हे फोटो काढणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. फक्त दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांनी माझं नुकसान केलं. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे लांब एक्स्पोजरमधले कण कमी करायची सोय, बंद ठेवा. ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ काळी फ्रेम घेत बसतो आणि नेमकी तेव्हाच वीज पडते. दुसरं, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल ठरवणारी सेटिंग, ऑटोवर नको. प्रत्येक फ्रेमच्या आभाळाचा रंग वेगळा आला की पुढचं सगळं काम अवघड होतं.

मेच्या शेवटी, रोहिणी लागल्यावर, एका संध्याकाळी पाऊण तासात ११ फ्रेममध्ये वीज सापडली. 'ओपन ॲज लेयर्स'ने सगळ्या एकदम उघडल्या, तळाची सोडून बाकी थरांचा मोड (थर खालच्याशी कसा मिसळायचा ते) 'लायटन ओन्ली' केला, आणि अकराही विजा एका आभाळात उभ्या राहिल्या. तो क्षण मी विसरणार नाही. आईला हाक मारून दाखवलं. 'स्क्रीन' मोडही करून पाहिला होता, पण त्यात प्रत्येक थराचा उजेड वाढत जातो. तलावाकाठचे दिवे पाचव्या थरालाच पांढरेफटक पडून फुटले. 'लायटन'मध्ये जिथे जो थर जास्त उजळ तोच दिसतो, म्हणून दिवे, इमारती जशाच्या तशा राहतात. जूनमध्ये मला कोणी विचारलं असतं तर याच मोडला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आता देणार नाही. प्रिंटच्या आधीच एक शंका होती. अकरा थरांचं आभाळ दुधाळ दिसायचं आणि सावल्यांत कणकण फार. कारण साधं आहे. सरासरी काढली तर कण कमी होतात, पण इथे प्रत्येक ठिकाणी सगळ्यांत उजळ तेच निवडलं जातं, म्हणजे प्रत्येक फ्रेममधला उजळ कण, प्रत्येक हॉट पिक्सेल (सेन्सरवरचा उगाच चमकणारा ठिपका) वर राहतो. जितके थर जास्त, तितका कचरा जास्त.

आणि जांभळा डाग. 'लायटन ओन्ली' अख्ख्या पिक्सेलची तुलना करत नाही, लाल, हिरवा, निळा यांची वेगवेगळी करतो. एका फ्रेममध्ये शहराच्या पिवळ्या दिव्यांचा उजेड ढगाच्या तळाला लागलाय, समजा लाल १८०, हिरवा १२०, निळा ६०. दुसऱ्या फ्रेममध्ये तोच ढग आतल्या विजेने उजळलाय, ९०, ११०, १७०. मोड उचलतो १८०, १२०, १७०. लाल पहिलीचा, निळा दुसरीचा. हा रंग त्या रात्री आभाळात कुठेही नव्हता. मी टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन बघतो, रंगाची एक छटा चुकली तरी माल परत येतो. म्हणून हे मला इतकं लागलं. इतरांना कदाचित तो डाग दिसणारही नाही, पण मला आता दुसऱ्यांच्या विजांच्या चित्रांतही आधी तोच दिसतो.

उपाय गिम्पमध्येच आहे. २०१८ला आलेल्या २.१०पासून 'ल्युमा लायटन ओन्ली' नावाचा मोड मिळतो. तो पिक्सेलचा एकूण उजेड तोलतो आणि ज्याचा जास्त त्याचे तिन्ही रंग एकत्र उचलतो. वरच्या उदाहरणात पहिली फ्रेम जिंकते, ढग पिवळसर राहतो, जांभळं होत नाही. पहिल्यांदा लावला तेव्हा डाग जागच्या जागी गेला. मात्र दोन फ्रेमचा उजेड जिथे जवळपास सारखा, तिथे एक पिक्सेल इथला, एक तिथला असं होऊन ढगाच्या कडेला खरबरीत सीमा दिसते. म्हणजे नुसता मोड बदलून भागत नाही.

शेवटी मी असं करतो. एकच फ्रेम पाया धरायची, जिच्यात आभाळ सगळ्यांत छान आहे ती. बाकी प्रत्येक थराला काळा लेयर मास्क (थर झाकणारा पडदा) लावायचा आणि मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त विजेची रेघ आणि तिच्या लगतचा उजेड उघडायचा. मोड 'ल्युमा लायटन ओन्ली'च. तासभर जास्त जातो, पण कण वाढत नाहीत, आभाळ काळंभोर राहतं. आणि थर सहाच्या वर नेत नाही. अकरा विजा एकत्र लावल्या की एकीचाही आकार धड बघता येत नाही.

संगणकाबद्दल थोडक्यात. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये उघडला की एकेक थर दीडशे-दोनशे एमबी घेतो. माझी रॅम ८ जीबी, सहा थर आरामात जातात. अकरा थर अन् मास्क यांत एकदा सगळं अडकलं आणि न साठवलेलं काम गेलं.

सप्टेंबरात लेन्सवरचा थेंब पुसताना ट्रायपॉड हलला आणि नंतरच्या फ्रेममध्ये तलावाकाठचे दिवे दोन-दोन दिसू लागले. थर आपोआप जुळवायची सोय मला मिळाली नाही. वरच्या थराचा मोड तात्पुरता 'डिफरन्स' करायचा (यात दोन थरांतला फरकच दिसतो, सारखं असेल ते काळं) आणि मूव्ह टूल घेऊन बाणाच्या कळांनी एकेक पिक्सेल सरकवायचं. इमारती काळ्या पडल्या की जुळलं.

मामांनी चित्र बघून विचारलं, "एकदम एवढ्या विजा पडल्या?" तेव्हापासून प्रत्येक चित्राखाली लिहितो: इतक्या मिनिटांतल्या इतक्या विजा, एकत्र केलेल्या. हे न लिहिता असं चित्र पुढे पाठवणं मला खोटेपणा वाटतो.

अजून एक, कळकळीने. गच्चीवर जाऊ नका. मी घरात, खिडकीच्या आतून काढतो आणि विजांचा इशारा देणाऱ्या सरकारी दामिनी ॲपवर विजा कुठल्या बाजूला आहेत ते बघत राहतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा मी शटरचं बटण लॉक करून कॅमेरा आपोआप फोटो काढत राहील असा सोडतो आणि खिडकीपासून दूर बसतो.

हस्तातल्या पावसात काढलेल्या चार विजांचा प्रिंट काल त्याच लॅबमधून आणला. फाईल देण्याआधी त्याच्याच स्क्रीनवर आम्ही दोघांनी डाग शोधला, नव्हता. घरी बघितल्यावर डाव्या विजेच्या बाजूला मास्कची कड अगदी किंचित जाणवते. ब्रश आणखी मऊ घ्यायला हवा होता. फाईल पुन्हा उघडली आहे.