गावाकडच्या वीज कंपनीची ग्राहक सेवा, अकरा महिने वापरल्यानंतर

सप्टेंबर 2024 पासून आमच्या घरचं लाइटीचं सगळं मीच बघते. मिस्टर ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर, सासऱ्यांना बिलावरचं बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे बिल भरणं, तक्रारी, अर्ज, ऑफिसच्या चकरा सगळं माझ्याकडे आलं. घरचं मीटर, विहिरीवरची 5 एचपीची मोटर, चुलत सासऱ्यांच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची थकबाकी आणि शेजारच्या आजींचं मीटर, एवढं सगळं या अकरा महिन्यांत हातून गेलं म्हणून सविस्तर लिहितेय. आम्ही सोलापूर जिल्ह्यात राहतो, गाव तालुक्यापासून 22 किलोमीटर, कंपनी सरकारी.

आधी जे चांगलं चाललंय ते सांगते. मोबाईल ॲप खरंच कामाचं आहे. 12 आकडी ग्राहक क्रमांक टाकला की मागची बिलं, भरलेल्या पावत्या सगळं दिसतं, एकाच लॉगिनमध्ये चारही कनेक्शन जोडता येतात. रीडिंग घ्यायला माणूस आला नाही तर आपणच मीटरचा फोटो काढून रीडिंग पाठवता येतं, मी तीनदा पाठवलं, तिन्ही वेळेला बिल बरोबर त्याच रीडिंगचं आलं. कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं तर बिलामागे 10 रुपये सूट आहे, तीही मिळते. देखभालीसाठी लाइट बंद ठेवणार असतील तर आदल्या दिवशी मेसेज येतो, आमच्याकडे बहुतेक वेळा आला, दोनदा नाही आला. 1912 ला फोन केला की मराठीत बोलतात आणि तक्रारीचा नंबर देतात. हा नंबर लिहून ठेवायचा, का ते पुढे सांगते.

गिरणीचं प्रकरण. चुलत सासऱ्यांनी 2019 ला गिरणी बंद केली, बिल राहिलं, कनेक्शन कायमचं बंद झालं, नंतर व्याज चढत गेलं. मूळ थकबाकी 18,400 आणि वर व्याज, विलंब आकार धरून जवळपास 30 हजार. त्यांनी तर आशाच सोडली होती. 1 सप्टेंबर 2024 पासून अभय योजना आली, 31 मार्च 2024 पर्यंत कायमस्वरूपी बंद झालेल्या कनेक्शनसाठी, व्याज आणि विलंब आकार पूर्ण माफ, मूळ रकमेच्या 30 टक्के आधी भरायचे आणि बाकीचे 6 हप्त्यांत बिनव्याजी. एकदम भरले तर मूळ रकमेत अजून 10 टक्के सूट होती पण तेवढे पैसे हातात नव्हते. आम्ही 5,520 भरले आणि नंतर महिन्याला 2,150 च्या आसपास भरत गेलो. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी ते पावती घेऊन स्वतः घरी आले, मला म्हणाले, "सूनबाई, आता नावावर काही नाही ना बघा एकदा." ॲपमध्ये शून्य दाखवलं तेव्हा कुठं चहा घेतला. ही योजना खरोखर चांगली राबवली, ऑफिसातल्या बाईंनी अर्ज भरायलासुद्धा मदत केली, याचं श्रेय दिलंच पाहिजे.

आता आजींचं. हे जरा सावकाश सांगते कारण माझा सगळ्यात जास्त वेळ आणि जीव इथंच गेला.

आजी एकट्या राहतात. दोन एलईडी बल्ब, एक पंखा, आणि मुलानं दिलेला छोटा टीव्ही. दारिद्र्यरेषेखालच्या दरातलं कनेक्शन, महिन्याला 24 युनिटच्या आसपास, बिल दीडशेच्या आत. या स्वस्त दरासाठी अट अशी की वर्षाला 360 युनिटच्या वर वापर जायला नको. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात वीज कडाडली तेव्हापासून मीटरचा डिस्प्ले गेला. मीटर ओसरीत दाराच्या वर आहे, मी स्टुलावर चढून पाहिलं, काचेवर चुन्याचे शिंतोडे, आत आकडा नाही, तो लाल ठिपका लुकलुकतो तोही बंद. वायरमनला सांगितलं, तो म्हणाला, "ताई, वर कळवतो."

पुढचे चार महिने सरासरी बिल आलं. दर महिन्याला 78 युनिट. 78 कुठून आणले देव जाणे. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिन्यांचे 144 आणि त्यात हे 78-78-78, डिसेंबरलाच 360 च्या वर गेलं आणि जानेवारीचं बिल साध्या घरगुती दरानं, साडेसातशेच्या घरात. आजी बिल घेऊन माझ्याकडे आल्या, पदराच्या गाठीत बांधलेलं, घडी पडून मऊ झालेलं. "अगं पोरी, मी रातीला पंखाबी लावत नाही थंडीचा, मग एवढं कशाचं गं?" त्यांच्या निराधार पेन्शनमधला निम्मा पैसा असा जाणार होता. म्हणजे मीटर कंपनीचं बिघडलं, युनिट कंपनीनं अंदाजानं लावले आणि सवलत मात्र आजींची गेली.

सेक्शन ऑफिसला गेले तर पहिलं उत्तर "आधी बिल भरा, मग बघू". दुसऱ्या वेळेला साहेब नव्हते. तिसऱ्या वेळेला मीटर शिल्लक नाही. मग घरी बसून नियम वाचले आणि अर्ज लिहिला. राज्य वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत लिहिलंय की मीटर बंद पडलं तर बिल आधीच्या 12 महिन्यांच्या मोजलेल्या वापराच्या सरासरीवर करायचं, आणि तेही जास्तीत जास्त 3 महिन्यांचं. आणि केंद्राच्या 2020 च्या ग्राहक हक्क नियमांत आहे की अंदाजे बिल एका आर्थिक वर्षात दोनदापेक्षा जास्त देता येत नाही, दिलं तर खऱ्या रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. लाइट तोडायची झाली तरी 2003 च्या वीज कायद्यातल्या कलम 56 प्रमाणे पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. हे सगळं एका पानावर लिहिलं, मागच्या वर्षभराची बिलं जोडली, मीटरचा फोटो जोडला, 1912 चे दोन तक्रार नंबर टाकले, खाली आजींचा अंगठा. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घेतल्याशिवाय हलले नाही.

पोच मिळाली आणि नवव्या दिवशी नवीन मीटर बसलं. म्हणजे मीटर होतं. मार्चच्या बिलात दुरुस्ती होऊन आली, 24 च्या हिशेबानं बिलं परत काढली, आधी भरलेले जास्तीचे पैसे जमेला दाखवले, आणि स्वस्त दर परत लागला. ज्या इंजिनिअरनं ते केलं त्यांनी मला नीट समजावूनही सांगितलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी आहे की चार महिने तोंडी सांगितलेलं कुठंच नोंदलं गेलं नाही. गावात अशी सरासरी बिलं भरणारी किती म्हातारी माणसं असतील, ज्यांच्या शेजारी अर्ज लिहिणारं कोणी नाही. माझी कळकळीची विनंती आहे, आपल्या गल्लीतल्या एकट्या माणसांची बिलं एकदा बघा, चालू रीडिंग आणि मागचं रीडिंग सारखंच असेल आणि तरी युनिट लावले असतील तर तिथं मीटर बंद असू शकतं.

शेतीच्या लाइटीचं. 7.5 एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल 2024 पासून पाच वर्षं मोफत वीज आहे, आमचं बिल शून्य येतं, हा फार मोठा आधार आहे, जुनी थकबाकी मात्र बिलावर तशीच दिसते. पण यामुळे एक गोष्ट झालीय, बिल भरत नाही म्हणून तक्रार कशी करायची असं लोकांना वाटायला लागलंय. सासरेही तेच म्हणायचे. पण बिल माफ झालेलं नाही, ते आपल्या वतीनं सरकार कंपनीला देतं, आपण ग्राहकच आहोत!

एप्रिलमध्ये आमची डीपी, म्हणजे शेतातल्या मोटरींना लाइट देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली. ऊस आणि कडवळ उभं, ऊन 42 च्या पुढं. नेहमीची पद्धत म्हणजे डीपीवरच्या सगळ्यांनी पाचपाचशे वर्गणी काढायची, ट्रॅक्टर लावायचा, जळालेली उतरवून नेऊन नवीन आणायची. खरं तर ते काम आणि तो खर्च कंपनीचा आहे. कुठलं काम किती वेळात करायचं हे ठरवणाऱ्या आयोगाच्या कृती मानकांत ग्रामीण भागात जळालेली डीपी बदलायला 48 तास आहेत. यावेळी वर्गणी काढू दिली नाही, त्यावरून दोन घरांशी बोलाचाली झाली, कारण पीक वाळत असताना नियम काय कामाचा असं त्यांचं म्हणणं, आणि तेही चूक नव्हतं. अकरा जणांच्या सह्यांचा अर्ज दिला, ॲपवर फोटो टाकला, 1912 ला प्रत्येकानं आपापल्या ग्राहक क्रमांकावरून तक्रार केली. सहाव्या दिवशी डीपी आली, कंपनीच्या गाडीतून, एक रुपया न देता. आदल्या वर्षी वर्गणी देऊनही चौदा दिवस लागले होते. वायरमन बिचारा रात्री नऊपर्यंत बॅटरीच्या उजेडात डिओ (खांबावरचे फ्यूज) बांधत होता, पाच गावांना एकटा आहे, सासूबाईंनी त्याला भाकरी बांधून दिली.

पण 48 तासांचे सहा दिवस झालेच. उशिराची भरपाई ग्राहकाला द्यायची तरतूद कायद्यात आहे, ती आपोआप काही आली नाही. अर्ज दिला, उत्तर नाही, म्हणून जुलैमध्ये ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे गेलो. तिथं वकील लागत नाही, आपली बाजू आपणच मांडायची. मंचाचा निकाल पटला नाही तर पुढे विद्युत लोकपाल आहेत, त्यांची कार्यालयं मुंबईला आणि नागपूरला.

नाव बदलायचं काम अजून अडकलंय. विहिरीचं कनेक्शन आजेसासऱ्यांच्या नावावर, मृत्यू दाखला, वारस नोंद, सातबारा सगळं दिलंय, दोनदा त्रुटी काढून परत आलं, दोन्ही वेळेला वेगळी त्रुटी. सगळ्या त्रुटी एकदाच लिहून द्या असा अर्ज परवाच दिलाय.

गुण द्यायचेच तर ॲप आणि योजना 5 पैकी 4, ऑफिसात तोंडी तक्रार 1, पोच घेऊन दिलेला लेखी अर्ज 4, डीपीला 3. मंचापुढे आमची तारीख पुढच्या महिन्यात आहे, सासरे स्वतः येणार म्हणालेत, अर्जाची फाईल त्यांनी आत्ताच देव्हाऱ्याशेजारी काढून ठेवलीय.