रूबेन की रेचल?

न्यू जर्सीतल्या भाचीचा फोन आला, "मावशी, शनिवारी घरी डेलीसारखं, म्हणजे इथल्या सँडविचच्या दुकानात मिळतं तसं, गरम सँडविच करायचंय. रूबेन करू की रेचल?"

राय या धान्याचा ब्रेड, स्विस चीज, रशियन ड्रेसिंग (मेयोनेजचा आंबट-तिखट सॉस) दोन्हींत तेच. रूबेनमध्ये कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस) आणि सॉवरक्राउट (आंबवलेला कोबी), रेचलमध्ये बहुधा टर्की पक्ष्याचं मांस आणि कोलस्लॉ (कच्च्या कोबीचं सॅलड).

मेहनतीत मोठा फरक आहे. कॉर्न्ड बीफ घरीच करायचं तर ब्रिस्केट, म्हणजे छातीकडचं मांस, पाच ते सात दिवस मसाल्याच्या खारट पाण्यात मुरवून मग मंद आचेवर तीनेक तास शिजवावं लागतं. बेत गुरुवारी ठरला असेल तर तयार कापच आणावेत. टर्की मात्र आदल्या दिवशीची उरलेलीही चालते, खिशालाही हलकी.

चवीत मी रूबेनच्या बाजूची. आंबवलेल्या कोबीचा आंबटपणा मांसाची नि चीजची चरबी कापतो. कोलस्लॉ गोडसर, त्यात टर्कीला चरबी कमी, म्हणून ड्रेसिंगमध्ये हॉर्सरॅडिश (झणझणीत चवीचं मूळ) सढळ हाताने घालावं लागतं.

ओलावा दोन्हींचा शत्रू. सॉवरक्राउट मुठीत घट्ट पिळा. कोलस्लॉच्या कोबीला आधी मीठ चोळून पाणी काढा. मांस आधीच गरम हवं. नाहीतर ब्रेड करपतो नि चीज तसंच राहतं. ब्रेडला बाहेरून लोणी, आच मंद, तव्यावर झाकण.

घरात बीफ न खाणारे असतील किंवा वेळ कमी असेल, तर रेचल. आठवडाभर वाट पाहायची तयारी आणि आंबट-खारट आवडणारी माणसं असतील, तर रूबेनच करा.