आट्यांची डबी : साग की खैर?

गडचिरोलीतल्या आलापल्लीचा साग नावाजलेला, म्हणून फिरवून बसणाऱ्या झाकणाची कुंकवाची डबीही त्याचीच करावीशी वाटते. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवायच्या यंत्रावर, कातायला साग गुणीच. पण चेझरने, म्हणजे आटे पाडायच्या दातेरी हत्याराने, हाताने आटे पाडायला बसलं की खरं रूप दिसतं. सागाची वाढीची वलयं सच्छिद्र, त्यामुळे इंचाला 16 आट्यांचे बारीक दाते टोकाशीच झडतात. पातळ सुपरग्लू पाजून थोडंफार निभावतं, इतकंच.

खैर जड, घट्ट. लेथ अगदी हळू फिरवा, आटे स्वच्छ उठतात. धार मात्र दोघंही खातात. सागात तर वाळूसारखी सिलिका असते, बाप्पा!

वैशाखात सैल फिरणारं झाकण श्रावणात फुगून अडतं. इथे साग उजवा, तो कमी फुगतो-आकसतो. तरी आट्यांना मी खैरच घेईन. सागाला दाबून बसणारं झाकण पुरे.