निनावी अस्थी हलवायच्या असतील तर: चार शहरांनी काय केलं आणि आपण काय घ्यावं

रस्ता रुंद होतो, धरणाचं पाणी चढतं आणि जुनी दफनभूमी हलवायची वेळ येते. ज्यांचे वारस पुढे येतात त्यांचं ठरून जातं. प्रश्न राहतो उरलेल्यांचा. आपल्याकडे लिंगायत, महानुभाव, गोसावी, ख्रिस्ती, मुस्लिम अशा अनेकांत दफन होतं, तान्ही मुलं तर इतर समाजांतही पुरतात. गावच्या जुन्या दफनभूमीत बऱ्याचदा डोक्याशी ठेवलेल्या दगडाखेरीज खूण नसते. विश्वस्त म्हणून किंवा पंचायतीचे सदस्य म्हणून हा निर्णय तुमच्यावर आला असेल, तर ज्यांनी तो मोठ्या प्रमाणावर घेतला त्यांच्याकडे आधी बघा.

सॅन फ्रान्सिस्कोनं जे केलं ते करू नका, हे सुरुवातीलाच सांगतो. शहराच्या हद्दीत दफनाला बंदी आली आणि पुढे जुन्या दफनभूमीही बाहेर काढल्या गेल्या. लॉरेल हिलमधले सुमारे 35 हजार जणांचे अवशेष 1940 च्या आसपास कोल्मा गावी नेऊन जमिनीखालच्या कोठड्यांत एकत्र ठेवले, वर एक स्मारक उभारलं. कुणी न नेलेले थडग्यांचे दगड मात्र बांधकामाला गेले. काही समुद्राच्या लाटा अडवायला, काही ब्यूना व्हिस्टा बागेतल्या गटारांना. त्या गटारांत आजही कोरलेली अक्षरं दिसतात. यातल्या अनेकांना नावानिशी पुरलं होतं. ते निनावी झाले ते जागा बदलताना, आणि तिथल्या माणसांच्या हातून. मला यापेक्षा वाईट काही सुचत नाही.

सिंगापूरची पद्धत शिस्तीची. जाहीर सूचना, मुदत, आणि मुदतीत कुणी आलं नाही तर बुकिट ब्राउनसारख्या चिनी दफनभूमीतल्या अवशेषांचं दहन. रक्षा काही काळ जपायची, मग समुद्रात सोडायची. मुस्लिम कबरींतल्या अस्थी मात्र धर्माप्रमाणे पुन्हा दफनच केल्या जातात. जागेची टंचाई असलेल्या शहराची ही सोय समजण्यासारखी आहे, आणि अस्थिविसर्जनाची सवय असलेल्या आपल्याला ती पटकन पटेलही. पण ज्यानं दफन मागितलं त्याला अग्नी देणं योग्य नाही. शिवाय रक्षा पाण्यात गेली की पाच वर्षांनी उगवलेल्या नातवाला दाखवायला काहीच उरत नाही.

खरी निवड लंडन आणि न्यूयॉर्क यांच्या पद्धतींत आहे.

लंडनमध्ये युस्टन स्टेशनशेजारच्या सेंट जेम्स गार्डन्समधून नव्या रेल्वेमार्गासाठी 2018 पासून 30 हजारांच्या आसपास माणसांचे अवशेष काढले आणि सरे परगण्यातल्या ब्रुकवुडच्या मोठ्या दफनभूमीत पुन्हा पुरले. एवढ्या संख्येत एकेकासाठी सोहळा शक्य नसतो, पण उकरणं पुरातत्त्वज्ञांच्या हातून झालं, नोंदी ठेवून. त्याच गर्दीत जानेवारी 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाला गलबतातून प्रदक्षिणा घालणारे मॅथ्यू फ्लिंडर्स सापडले, कारण त्यांच्या शवपेटीवरची नावाची पट्टी शिशाची होती. आजूबाजूच्या पत्र्याच्या पट्ट्या गंजून अक्षरं गेली होती. फ्लिंडर्सना 2024 च्या जुलैत त्यांच्या जन्मगावी, डॉनिंग्टनला पुरलं. एका धातूमुळे एक माणूस घरी गेला आणि शेजारचा निनावी राहिला. तुमच्या समितीनं पेटीवर कागदी चिठ्ठी डकवायचं ठरवलं, तर ही गोष्ट बैठकीत जरूर सांगा.

लंडनमधल्याच लिव्हरपूल स्ट्रीटच्या जुन्या बेडलम दफनभूमीतून तीन हजारांवर सांगाडे निघाले. स्वयंसेवकांनी चर्चच्या जुन्या वह्या चाळून तिथे पुरलेल्या पाच हजारांवर माणसांची नावं गोळा केली. कुठलं नाव कुठल्या सांगाड्याचं, हे बहुतेक कळणार नव्हतंच, तरी त्यांनी ती यादी केली. आपल्याकडे चर्चच्या नोंदवह्या, मठाच्या वह्या, गावातल्या म्हाताऱ्यांची आठवण यातून असं काम होऊ शकतं. आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य.

न्यूयॉर्कचं प्रकरण अधिक तापलेलं. 1991 मध्ये मॅनहॅटनच्या ब्रॉडवेवर सरकारी इमारतीच्या पायात आफ्रिकी लोकांची अठराव्या शतकातली दफनभूमी लागली. बहुतेक गुलाम म्हणून राबलेली माणसं. सुरुवातीला घाईनं उकरणं चाललं होतं. तिथल्या कृष्णवर्णीय समाजानं रस्त्यावर उतरून ते थांबवलं आणि अस्थींचा अभ्यास हॉवर्ड विद्यापीठाकडे, तिथले मानववंशशास्त्रज्ञ मायकेल ब्लेकी यांच्याकडे सोपवायला लावला. एका स्त्रीच्या बरगड्यांत बंदुकीची गोळी होती. दुसरीच्या कमरेभोवती शंभरावर मणी होते. पुनर्दफनाच्या वेळी सोबतच्या वस्तूही ज्याच्या त्याला परत दिल्या. 419 जणांसाठी 419 लाकडी पेट्या घानात हातानं कोरून घेतल्या, आणि ऑक्टोबर 2003 मध्ये सगळ्यांना त्याच जागी मातीत ठेवलं. वर सात उंचवटे आहेत.

यात बारा वर्षं गेली. आपले पूर्वज इतकी वर्षं कपाटात का, असं विचारणारेही होते, आणि त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. म्हणून अभ्यास करवणार असाल तर पुनर्दफनाची तारीख आधी लिहून घ्या.

मग तुम्ही काय करावं? कबरी शे-दोनशे असतील तर न्यूयॉर्कप्रमाणे एक माणूस, एक पेटी. पेटी साधी चालेल, लाकडाची छोटी. हजारोंच्या घरात असतील तर लंडनप्रमाणे सामायिक जागा, पण पेट्या तिथेही वेगळ्या आणि क्रमानं. खर्चासाठी अस्थी एकाच खड्ड्यात ओतायचा प्रस्ताव आला, तर विरोध करा. स्मारक पुढच्या वर्षीही बांधता येतं, मिसळलेल्या अस्थी पुन्हा वेगळ्या होत नाहीत. जागा जवळची मिळाली तर उत्तमच, पण जवळचा एकच खड्डा आणि लांबच्या वेगळ्या पेट्या यांत मी लांबची जागा घेईन.

विधी कोणता, हे समितीनं ठरवू नये. ज्यांची दफनभूमी, त्या समाजातल्या वडीलधाऱ्यांना, धर्मगुरूंना विचारावं. आणि ही बैठक पहिली कुदळ पडण्याआधी व्हावी.

क्रमांकासाठी भाजलेल्या मातीची पट्टी करून घ्या. ओल्या मातीतच आकडा कोरायचा आणि आव्यात भाजायचा. गावचा कुंभार करून देईल, आणि खापर मातीत हजारो वर्षं टिकतं. पट्टी अस्थींजवळ, पेटीच्या आत ठेवा. तोच आकडा नव्या जागेच्या नकाशावर आणि वहीत घाला. वहीत जे दिसलं ते लिहा: क्रमांक 17, लहान मूल, पिंपळाच्या बाजूची तिसरी रांग, मनगटाशी हिरव्या काचेची बांगडी. नावाच्या रकान्यात रेघ मारू नका. तो मोकळा सोडा.